वैजयंती मॅडमच्या मेलेल्या वायरी

वैजयंती महाजनला मूर्ख माणसं सहन होत नसत, आणि तिची चाळणी इतकी बारीक होती की बुऱ्हाणपुरात शनवाऱ्यापासून राजघाटापर्यंत तिच्यातून पार पडलेली माणसं फार थोडी. नातेवाइकांत तर एकही नाही.

ही खोड माहेरची. फोपनारला तिच्या वडिलांची, उखर्डू चौधरींची, केळीची बाग. झाडावरचा घड नुसता बघून ते वजन सांगायचे आणि भोवतीची माणसं माना डोलवायची. शाळकरी वैजयंती तोच घड उतरल्यावर काट्यावर ठेवायला लावायची. वडील चुकलेले निघाले की बाकीचे हसायचे. ती हसायची नाही. काटा शेजारी पडलेला असताना हा माणूस अंदाज कशाला सांगतो, एवढंच तिला कळायचं नाही. पुढे ती गणितात बीएस्सी झाली, बुऱ्हाणपूरच्या एका खासगी शाळेत शिकवू लागली, लग्न होऊन त्याच शहरात राहायला आली, तरी हे कोडं काही सुटलं नाही. उलट सासरी त्याचा मोठा खजिनाच सापडला.

नवरा भूपेंद्र. शनवाऱ्याच्या दरवाजाजवळ त्याचं रेडीमेडचं दुकान, शाळेचे गणवेश आणि पुरुषांचे शर्ट. दिसायला रुबाबदार, बोलायला गोड. ज्यात त्याला काही कळतं असा विषय वैजयंतीला अजून सापडायचा होता, आणि ज्यात तो बोलत नाही असाही. पाऊस कधी येणार, केळीचा भाव कुठे जाणार, शेजारच्या शीतलला कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं, सगळं तो दुकानाच्या गादीवर बसून सांगत असे. लग्नानंतर काही वर्षं वैजयंतीने त्याच्या चुका दुरुस्त केल्या. मग सोडून दिलं. फळाच तडकलेला असेल तर खडू कशाला झिजवायचा?

कोरोनात तिची शाळा बंद पडली ती पडलीच. संस्थेने इमारत कुणाला तरी लॉनसाठी दिली. जिथे ती भूमिती शिकवत होती तिथे आता लग्नात आइस्क्रीमचा स्टॉल लागतो. बाकीच्या शिक्षिका रडल्या, कुणी पापड-कुरडयांचा धंदा काढला. वैजयंतीने लॅपटॉप घेतला आणि घरून ऑनलाइन शिकवायला लागली. आधी गल्लीतलीच मुलं होती. मग जळगाव, मग पुणे, मग मस्कतला राहणाऱ्या एका कुटुंबातली मुलगी. मॅडम ओरडत नाहीत पण चुकलं की नुसत्या बघतात, अशी तिची ख्याती पसरली.

ही ख्याती सगळ्यांत जास्त मिरवली भूपेंद्रने. दुकानात गणवेश घ्यायला आलेल्या प्रत्येकाला तो ऐकवायचा, "आमच्या मॅडमचे स्टुडंट फॉरेनपर्यंत आहेत. मीच म्हटलं होतं, लॅपटॉप घे, जमाना ऑनलाइनचा आहे." खरं तर लॅपटॉप घेताना तो म्हणाला होता, हे चार दिवसांचं खूळ आहे. वैजयंतीने तेही सोडून दिलं.

क्लास दुपारचा, बाहेरच्या खोलीत. नेट तेवढ्याच खोलीत नीट येई. कूलरही त्याच खोलीत, आणि कूलरसमोरचा दिवाणही. भूपेंद्र दुपारी दुकानाचं शटर ओढून घरी जेवायला यायचा आणि जेवण झालं की त्या दिवाणावर आडवा व्हायचा. वैजयंती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून शिकवायची आणि मागून घोरणं सुरू व्हायचं. मुलं हसायची. तेव्हा ती माइक बंद करून त्याला हलवायची.

"तू मागच्या खोलीत घे ना क्लास," एकदा तो कूस बदलत म्हणाला.

"मागे नेट पोचत नाही. झोप पोचते. तुम्ही जा मागे," ती म्हणाली.

तो हसला आणि पुन्हा काही बोलला नाही. तिला वाटलं, विषय संपला.

त्यानंतर काही दिवसांनी पहिली वायर मेली.

वर्गसमीकरणं चालली होती. लॅपटॉप जुना, बॅटरी म्हातारी. चार्जरच्या आधारावरच तो उभा असायचा. मस्कतची मुलगी उत्तर सांगत होती आणि तिच्या तोंडातला शब्द अर्धा राहून पडदा काळा झाला. वैजयंतीने चार्जरकडे पाहिलं तर त्याचा पांढरा दिवा गेलेला. दुसरं कुणी असतं तर त्याने प्लग दहा वेळा काढला-घातला असता, चार्जरला दोन थापा मारल्या असत्या. वैजयंती तसलं काही करत नसे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा नियम. तिने तोच चार्जर स्वयंपाकघरातल्या बोर्डात लावला, दिवा नाही. चार्जरची वायर काढून त्याला मोबाइलची वायर लावली, दिवा लागला. तीच वायर लॅपटॉपला जोडली. लॅपटॉप हळूहळू का होईना, भरू लागला. म्हणजे बोर्ड ठीक, चार्जर ठीक, लॅपटॉप ठीक. उरली मधली वायर. मोबाइलची वायर बारीक, ती क्लासभर पुरी पडत नव्हती, म्हणून संध्याकाळी ती जीवनच्या दुकानातून नवीन घेऊन आली.

जीवनचं दुकान भूपेंद्रच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. मोबाइलची कव्हरं, हेडफोन, चार्जर आणि प्रत्येक वस्तूवर "ओरिजिनल" लिहिलेली चिठ्ठी. ज्या दुकानात "ओरिजिनल" असं लिहून ठेवावं लागतं तिथला माल काय असणार, हे वैजयंतीला दारातूनच कळलं होतं. पण दुसरं दुकान लांब होतं.

ती वायर आठवडाभर टिकली. मग तीही गेली. पुन्हा तपासणी केली, पुन्हा बाकी सगळं ठीक आणि दोष वायरीत. जीवनने बदलून दिली. बदललेली त्याहून लवकर गेली. तेव्हा मात्र वैजयंती भर संध्याकाळी, गिऱ्हाईक असताना, त्याच्या काउंटरपुढे जाऊन उभी राहिली.

"जीवन, हा माल कुठून आणतोस?"

"इंदौरहून, मॅडम. एकदम ओरिजिनल. कंपनीचा."

"कंपनीचं नाव वाच."

त्याने पाकीट उलटंपालटं केलं. नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त होतं.

"वो तो प्रिंटिंग मिस्टेक है, मॅडम."

"प्रिंटिंगमध्ये एक चूक, वायरीत दुसरी आणि ही वायर घेणारीत तिसरी," वैजयंती म्हणाली. "आजपासून तिसरी मी दुरुस्त करते. लोकांना फसवून पोट भरणारा माणूस मुलांना काय शिकवणार, हा तुझा प्रश्न."

जीवनचे कान लाल झाले. त्याचा मुलगा पूर्वी तिच्याच शाळेत होता, हे तिला आठवलं, पण बोललेला शब्द मागे घेण्याची सवय तिला नव्हती. ती घरी आली.

घरी सल्ल्यांचा बाजार भरला. भूपेंद्र जेवताना म्हणाला, "तुला सांगतो, हे लूमचं काम आहे. मागच्या गल्लीत पावरलूम चालतात ना, त्यांच्यामुळे करंट उलटा येतो. वायर जळते."

"करंट उलटा आला तर आधी तुमचा कूलर जळेल, मग चार्जर. वायरीचा नंबर शेवटचा."

"प्रत्येक गोष्ट पुस्तकातल्यासारखी नसते, वैजू."

त्याने हे इतक्या समजुतीने म्हटलं की तिने उचललेला घास परत ताटात ठेवला.

सासू मालूबाई, जिला ती आत्याबाई म्हणे, तिने लॅपटॉपला नजर लागल्याचं जाहीर केलं आणि टेबलाच्या पायाला काळा दोरा बांधला. मुलगा मोहित इंदूरला नोकरीला, तो फोनवर म्हणाला, "आई, तू वायर खेचून काढत असशील. हलके से निकाला कर." जन्मात एक वस्तू जागेवर न ठेवणारा पोरगा तिला वस्तू हाताळायला शिकवत होता. तरी त्याने एक चांगली, खरोखरच्या कंपनीची जाडजूड वायर घेऊन बसने पाठवली. वैजयंतीने ती हळुवार लावली, हळुवार काढली, कुठे वळण पडू दिलं नाही. दोन रविवार गेले आणि तीही मेली.

आता तिला जरा थांबून विचार करावा लागला. जीवनचा माल खोटा होता हे खरं, पण ही तर खरी होती. खरी आणि खोटी दोन्ही एकाच तऱ्हेने मरत असतील तर खरेखोटेपणाचा त्यात संबंध नाही. हे उत्तर तिला आवडलं नाही, कारण त्यातून जीवन निसटत होता. तिने तो विचार बाजूला ठेवला आणि उंदरांकडे वळली. वायरीवर कुठे दाताची खूण नव्हती. मग लॅपटॉपचं चार्जिंगचं भोक भिंगाने पाहिलं. धूळ नाही, जळल्याचा डाग नाही.

मध्येच फोपनारहून फोन आला की वडिलांच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा आहे. ती लॅपटॉप आणि नवीन वायर घेऊन माहेरी गेली आणि तिथून क्लास घेऊ लागली. ओसरीत खुर्ची, पुढे स्टूल, बोर्ड खिळखिळा, लाइट दिवसातून कितीदा तरी जायची. वायर ओसरीभर लोळायची. वडील डोळ्याला हिरवी पट्टी बांधून तिच्यात पाय अडकवायचे. एका दुपारी शेळीने ती तोंडात धरून चघळली. वैजयंतीने ती सोडवून पदराने पुसली, लावली, आणि दिवा लागला. वडील बरे होईपर्यंत दिवा लागतच राहिला.

बुऱ्हाणपूरला परतल्यावर त्याच आठवड्यात, टेबलावर शहाण्यासारखी पडलेली ती वायर मेली.

शेळीच्या तोंडातून जी वाचली ती या घरात वाचली नाही. लूम नाही, नजर नाही, माल नाही. जे काही आहे ते या घरात आहे आणि त्याला हात आहेत. वैजयंती त्या दुपारी टेबलाशी बसून राहिली. पहिला संशय मालूबाईवर गेला, कारण टेबलाशी दोरा बांधायला खाली वाकलेली तीच.

"आत्याबाई, तुम्ही ही वायर गुंडाळून ठेवता का?"

"मी कायले हात लावू त्या वायरीले?" मालूबाई दचकून म्हणाली. "मले करंटचं भेव वाटते, माय. मी तं झाडू पन दुरून मारते तिथं."

हे खरं होतं. त्या टेबलाखाली कचऱ्याची एक गोल चकती कायम असायची.

वैजयंतीने मेलेली वायर हातात घेतली आणि पहिल्यांदाच नुसत्या बोटांनी, टोकापासून टोकापर्यंत, चिमटीतून ओढत नेली. मधल्या भागात, जिथे वायर टेबलाच्या मागे दिवाणाकडे उतरायची, तिथे बोटाला काही तरी टोचलं. रक्ताचा थेंब आला. तिने विळी घेतली, वरचं रबर उभं चिरलं आणि आत पाहिलं.

आत टाचणी होती. आरपार टोचलेली, डोकं तोडून टाकलेलं, दोन्ही टोकं रबराच्या आत दडतील इतकी बेताची. आतल्या बारीक तारांना ती एकमेकींशी जोडत होती. वीज लॅपटॉपपर्यंत जाण्याआधीच त्या टाचणीतून परत फिरत होती आणि चार्जर स्वतःला वाचवायला बंद होत होता. आधीच्या मेलेल्या वायरी तिने टाकल्या नव्हत्या. तिने एकेक काढून चिरली. प्रत्येकीत टाचणी.

बारीक, निळसर पोलादाची टाचणी. नवीन शर्टाच्या कॉलरला आणि बाहीला लावतात ती. भूपेंद्रच्या खिशाच्या पट्टीवर ती नेहमी खोचलेली असायची. धुण्याच्या वेळी कितीदा तरी तिच्या हाताला लागली होती.

आता कुणीही म्हटलं असतं की कळलं. पण बघून वजन सांगणाऱ्या माणसांत तिला जायचं नव्हतं. तिने जीवनकडून नव्हे, रेल्वे स्टेशनजवळच्या दुकानातून नवीन वायर आणली, टेबलावर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर भूपेंद्रला ऐकू जाईल असं म्हणाली, "आज क्लास उशिरा आहे. मी शीतलकडे जाऊन येते."

पुढच्या दाराने ती बाहेर पडली आणि गल्लीला वळसा घालून मागच्या दाराने स्वयंपाकघरात आली. मालूबाई मेथी निवडत होती. सून मागून आलेली पाहून तिने मान वर केली, मग खाली घातली. एका शब्दाने विचारलं नाही. वैजयंती मधल्या दाराच्या फटीशी उभी राहिली.

भूपेंद्र थोडा वेळ दिवाणावर पडला. मग उठून बसला, दाराकडे पाहिलं, चष्मा लावला. वायर उचलून मांडीवर घेतली. खिशाच्या पट्टीवरून टाचणी काढली आणि जीभ दातांत धरून, डोळे बारीक करून, ती हळूहळू वायरीत शिरवली. दिवाणाच्या गादीखालून छोटी पक्कड निघाली. त्या पक्कडीने त्याने टाचणीचं डोकं तोडलं, मग टोक. तोडलेले तुकडे त्याने नीट वेचून खिशात टाकले. वायरीवर अंगठा फिरवून पाहिला आणि ती होती तशी, तिच्याच वळणात, परत ठेवली.

वैजयंती बघत होती. तेवीस वर्षांच्या संसारात या माणसाने इतकं लक्ष देऊन, इतकं नेटकं काम केलेलं तिने पाहिलं नव्हतं. घरातला एक खिळा त्याने सरळ ठोकला नव्हता. ज्या बोटांना शर्टाची घडी धड घालता येत नाही त्यांना ही कला कुठून आली? तिला राग येईल असं वाटलं होतं. त्याऐवजी चपलेखाली काही चिकटल्यावर वाटतं तसं वाटलं.

तिने चहा टाकला. तो तयार झाल्यावर दोन कप घेऊन बाहेरच्या खोलीत गेली, एक त्याच्यासमोर ठेवला आणि खुर्ची ओढून बसली.

"झालं?"

"काय?" भूपेंद्र उठून बसला. "तू शीतलकडे गेली होतीस ना?"

"टाचणी लावून झाली?"

त्याने कप उचलला, तो तोंडाशी नेला, परत खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग थट्टेचं हसू. दोन्ही टिकली नाहीत. वैजयंतीने चिरलेल्या वायरी त्याच्यापुढे टाकल्या.

"दुपारी झोप होत नाही," तो शेवटी म्हणाला.

ती वाट बघत राहिली. यापुढे काही तरी येईल असं तिला वाटलं. बायको पुढे गेली म्हणून जळणं, कुणाची तरी फूस, निदान जुनं काही वैर. काहीही मोठं.

"सकाळपासून दुकानात उभा असतो मी," तो म्हणाला. "दुपारी जरा पाठ टेकली की तुझं एक्स बरोबर किती, वाय बरोबर किती. ते पोरं एकदम ओरडतात. वायर गेली की एक-दोन दुपारी तरी शांतता असायची. बस्स. दुसरा काही हेतू नव्हता माझा."

"एवढंच?"

"एवढंच. आईची शपथ."

वैजयंतीला त्याचा द्वेष परवडला असता. द्वेष करायला माणसाला निदान समोरच्याची दखल घ्यावी लागते. या गृहस्थाने तिचं काम, मस्कतच्या मुलीची परीक्षा, जीवनची अब्रू, मोहितने पाठवलेली वायर, सगळं एका वामकुक्षीसाठी टाचणीवर चढवलं होतं, आणि संध्याकाळी दुकानात बसून तो तिच्याच स्टुडंटांच्या गोष्टी सांगत होता.

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं होतं एकदा. तू काय म्हणालीस? झोप पोचते मागे, तुम्ही जा." तो जरा सावरला. "तुझ्याशी बोलायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं असतं, वैजू. माणूस तोंड उघडण्याआधीच नापास. मोहितला विचार. कुणालाही विचार."

हे त्याचं बोलणं खोटं नव्हतं, आणि ते तिला लागलं. मग ती म्हणाली, "नापास व्हायचं होतं मग. पुष्कळ चांगली माणसं होतात. तुम्ही कॉपी केलीत."

चहा तसाच राहिला. तिने वायरीतली टाचणी उपसून पाहिली, पण वायर काही जिवंत झाली नाही. मोबाइलच्या बारीक वायरीवर जमेल तेवढा क्लास तिने घेतला. भूपेंद्र दिवाणावर ताठ बसून राहिला. झोपायची त्याची छाती झाली नाही.

संध्याकाळी ती जीवनच्या दुकानात गेली. हे काम तिला वर्गसमीकरणाहून कठीण होतं. वाटेत तिने दोनदा मनाशी म्हटलं की नावातलं अक्षर तर जास्त होतंच. पण त्या अक्षरासाठी तिने त्याला बोल लावला नव्हता, वायरीसाठी लावला होता. जीवनने तिला पाहिलं आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. दुकानात गिऱ्हाईक होतं. त्या दिवशी होतं त्याहून जास्तच.

"जीवन," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी मी तुला बोलले ते चुकीचं होतं. तुझ्या केबल चांगल्या होत्या. माझे मिस्टर त्यात टाचण्या टोचत होते. दुपारी झोप यावी म्हणून."

जीवनने मोबाइल खाली ठेवला. एका बाईने पदर तोंडाला लावला.

"मैं तो बोलाच था, मॅडम, ओरिजिनल है," जीवन शेवटी म्हणाला.

"ओरिजिनल नव्हत्या. चांगल्या होत्या. एक दे."

माफी मागण्यापलीकडे तिने काही केलं नाही. कुणाकडे जाऊन गाऱ्हाणं सांगितलं नाही, माहेरी फोन केला नाही, मोहितला कळवलं नाही. तशी गरजच नव्हती. शनवाऱ्यात सांगितलेली गोष्ट चहा निवायच्या आत पार दरवाजाबाहेर जाते. दुसऱ्या दिवशी भूपेंद्र दुकानात बसला तर समोरचा पानवाला म्हणाला, "भूपेंद्रभाऊ, एखादी टाचणी द्या ना, आमच्या घरचा टीव्ही जरा जास्त बोलतो." दुपारपर्यंत तीन-चार जण टाचणी मागून गेले. शाळेचा गणवेश घ्यायला आलेल्या एका गृहस्थाने शर्ट उलटून विचारलं, "यात राहिली नाही ना एखादी?" फॉरेनच्या स्टुडंटांची गोष्ट त्या दिवसापासून त्या दुकानात निघाली नाही. पावसाबद्दलही तो बरेच दिवस काही बोलला नाही.

तो रागावला. घरी येऊन म्हणाला, "चार लोकांत माझी काय इज्जत राहिली?"

"होती तेवढी राहिली," वैजयंती म्हणाली आणि पोळी वाढली.

त्यानंतर भूपेंद्र दुपारी दुकानातच थांबू लागला. शटर अर्धं ओढून, शर्टांच्या खोक्यांमध्ये सतरंजी टाकून झोपतो म्हणे. तिथे कूलर नाही. उन्हाळ्यात त्याच्या पाठीवर घामोळं आलं, तर मालूबाईने मुलासाठी पावडरीचा डबा पाठवला. वैजयंतीने तोही दुकानात पोचता केला. जेवणाचा डबा जातोच आहे, त्यात काय एवढं.

एका दुपारी क्लास संपल्यावर ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला आली. मालूबाई तिथेच बसली होती.

"आत्याबाई, तुम्हाला माहीत होतं ना?" वैजयंतीने विचारलं. हे विचारायचं तिच्या मनात बरेच दिवस होतं.

मालूबाईने सुपातले खडे वेचायचं थांबवलं नाही. "पाह्यलं व्हतं एक-दोनदा. मले वाटलं, वायर सुधरू राह्यला."

"सुधरवत होता? तो?"

"मंग काय सांगू तुले? पोटचा पोरगा हाय." "तुह्या सासऱ्यानं माही शिवनाची मशीन इकली व्हती. मी माहेरी गेलती, आली तं मशीन नाही. कायले इकली म्हनलं, तं म्हने घरात खडखड व्हते. यानं टाचनी लावली. त्याच्या परीस हा बराच म्हना ना."

वैजयंतीने पेला खाली ठेवला. मालूबाई शिवणकाम करायची हे इतक्या वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलंही नव्हतं. काळे दोरे बांधणारी, करंटला भिणारी म्हातारी, एवढीच तिने तिची किंमत लावली होती. आणि ही म्हातारी आपल्या घराण्यातल्या पुरुषांना खडे निवडावेत तसं निवडत बसली होती, मोठा खडा बाजूला, बारीक खडा चालेल. वैजयंतीला हसू आलं. असं हसू आलं की तिला ओट्याला धरून उभं राहावं लागलं. मालूबाई आधी तिच्याकडे बघत राहिली, मग तीही तोंडावर हात ठेवून हसू लागली.

"काय शिवायच्या तुम्ही?" वैजयंतीने डोळे पुसत विचारलं.

"पोलकी. आन् झबली. अर्धी गल्ली माह्या हातचं घालायची."

"मग बोलला नाहीत त्यांना काही?"

"बोलली ना. चार दिस बोललीच नाही त्याच्यासंगं. त्याले समजलंच नाही." मालूबाईने सूप पाखडलं. "त्याले वाटलं, मशीन गेली तं घर कसं शांत झालं."

वैजयंतीने पाट ओढला, तिच्यासमोर बसली आणि सुपातले खडे वेचू लागली.